वॉर्डाच्या बैठकीसाठी एक पान लिहायचंय: पुढच्या वीस वर्षांच्या इंटरनेटसाठी शहराकडे नेमकं काय मागावं?

हिशोबाची_वही
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, राहते कारेलीबागेत. माहेर दांडिया बाजारातलं, त्यामुळे मराठी अजून शाबूत आहे. मध्येच गुजराती शब्द आला तर सांभाळून घ्या. घरून हिशोब लिहिते. चौदा दुकानदारांचं जीएसटी माझ्याकडे आहे. इंटरनेटमधलं मला एवढंच कळतं की ते असतं किंवा नसतं.

तर झालं असं. आमच्या कॉर्पोरेटरांनी आसपासच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना बोलावलं. आतले रस्ते नव्याने होणार आहेत, काँक्रीटचे. त्याच बैठकीत कुणीतरी विषय काढला की रस्ता एकदा झाला की वीस वर्षं फोडायचा नाही, मग नेटवर्कचं काय ते आताच ठरवा. शेवटी ठरलं की प्रत्येक सोसायटीने एक पान लिहून द्यावं: पुढच्या काळासाठी शहराचं इंटरनेटचं धोरण कसं असावं. खोलीत मी एकटी बाई. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेन, तमे ज लखो ने." झालं, विषय संपला.

पहिला मसुदा मी लिहिला तो असा: प्रत्येक घराला १ जीबीपीएस वेग मिळावा, बागेत आणि बस स्टँडवर मोफत वायफाय असावं, सगळ्या वायरी जमिनीखाली घ्याव्यात. वाचून मलाच हसू आलं. असा कागद कुणीही देईल आणि कुणीही फाइलला लावेल.

मला खरं काय सलतंय ते सांगते, म्हणजे तुम्हाला दिशा कळेल. २०२४ च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री आली. धोक्याची पातळी २५ फूट, नदी ३५ फुटांच्या वर गेली. आमच्या खालच्या मीटर रूममध्ये छातीभर पाणी. मी पहिल्या मजल्यावर, म्हणून घर वाचलं. वीज चौथ्या दिवशी आली. नेट आलं ९ सप्टेंबरला. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरायचा असतो, हे माझ्यासारख्या बायकांना तोंडपाठ असतं. अर्धे दिवस मी गोत्रीला बहिणीकडे लॅपटॉप घेऊन बसले, जाताना रिक्षावाल्याने दुप्पट घेतले आणि मी दिले. नेटवाल्यांना रोज फोन. रोज उत्तर एकच, "चालू छे, काम चालू छे." कोण नेटवाला ते लिहीत नाही, कारण समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्याचं होतं आणि त्यांचंही तेच.

पाणी ओसरल्यावर पुढच्या सव्वा वर्षात आमच्या दारासमोरचा रस्ता चार वेळा खोदला गेला. पाण्यासाठी, गटारासाठी, गॅससाठी, आणि फायबरसाठी. चौघं वेगवेगळे. गॅसवाल्यांच्या खोदकामात फायबरची तार तुटली, म्हणजे वर पाचवा खड्डा. मी तारखा लिहून ठेवल्या आहेत. सवय.

म्हणून मला अशा चार-पाचच मागण्या हव्या आहेत ज्या कळतील, आणि पाच वर्षांनी उभं राहून "केलं का?" असं विचारता येईल. सांगा.

---

जॉइंट_बॉक्स
रविवार, रात्री ११.२५

ताई, मी फायबर जोडतो. बारा वर्षं झाली. ठेकेदाराच्या हाताखाली, कुणाचंही काम करतो. तुमच्याकडे पुराच्या वेळी मीच आलो असेन किंवा माझ्यासारखा कुणीतरी.

पहिली गोष्ट, फायबरला पाण्याने काही होत नाही. काच आहे ती. पाणी बाधतं दोन्ही टोकांच्या पेट्यांना. तुमच्या घरापासून कंपनीच्या मशीनपर्यंत मध्ये कुठेच वीज लागत नाही. तिकडे ओएलटी, म्हणजे कंपनीचं ते मशीन, मध्ये काचेचा स्प्लिटर, तो एकाच तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटतो, इकडे तुमची पांढरी पेटी. एका तारेवर ३२ घरं, कधी ६४. म्हणजे तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल आणि तिकडे ओएलटीला वीज असेल तर अख्खं कारेलीबाग अंधारात असलं तरी नेट चालायला पाहिजे.

मग का गेलं? कारण ओएलटी ठेवलेला असतो तळमजल्याच्या दुकानात. भाडं कमी, शटर उघडून आत जाता येतं. २०२४ ला मी एका दुकानात कमरेएवढ्या पाण्यातून गेलो तर मशीन खालून दुसऱ्या फळीवर. बॅटऱ्या खाली जमिनीवर. बॅटरी जड असते ना, वर कोण चढवणार. नवं मशीन यायला आठवडा, कारण तेव्हा सगळ्यांनाच हवं होतं.

तुमच्या पानात वायरी जमिनीखाली घ्या असं लिहू नका. घेतील, आणि प्रत्येक जण आपापली घेईल. रिकामी पाइप मागा. ४० एमएमची एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकची, चार नळ्या एकत्र, दर शंभरेक मीटरवर चेंबर. आज एकच वापरा, तीन रिकाम्या ठेवा. उद्या कुणाला तार टाकायची तर कॉम्प्रेसरने हवा मारून आतून ढकलता येते, खड्डा नाही लागत. आणि तोंडाला बूच. बूच नाही लावलं तर पहिल्याच पावसात विश्वामित्रीचा गाळ आत जाऊन बसतो, मग ती पाइप फक्त नावाची. मी अशा खूप बघितल्यात.

खोलीचं म्हणाल तर कागदावर १.६५ मीटर. शहरात मला हातभर खोलीवरही सापडल्यात.

---

ओटल्यावरचा
सोमवार, सकाळी ७.५०

हे सगळं ठीक, पण वीस वर्षांनी तार कोण वापरणार? ५जी आलं, सॅटेलाइट येतंय. पाइप टाकायची म्हणजे लँडलाइनच्या काळातला विचार. शिवाय आपल्याकडे सार्वजनिक चेंबर म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. झाकण चोरीला, आत उंदीर, वर म्हैस. आमच्या वाडीत एकातून साप निघाला होता, बघायला अख्खी पोळ, म्हणजे गल्ली, जमली.

---

एक्स्चेंजवाले_काका
सोमवार, सकाळी ११.०५

ओटल्यावरच्या चिरंजीवांना आधी सांगतो, साप मीही पाहिलेत, टेलिफोनच्या मॅनहोलमध्ये. साप निघतो तिथे माणूस वर्षानुवर्षं उतरलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

वहीताई, मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली. तुम्ही वेगाचा आकडा खोडलात ते उत्तम केलंत. आकड्यांचं काय होतं ते मी आतून पाहिलं आहे. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस असेल तर ब्रॉडबँड, असं ठरलं. २०१३ मध्ये ५१२ केलं. मग २०१८ चं राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरण आलं, त्यात २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस देण्याचं लक्ष्य. पण व्याख्या? ती ५१२ केबीपीएसवरच. ती २ एमबीपीएस झाली जानेवारी २०२३ मध्ये. म्हणजे सव्वाचार वर्षं एका कागदात स्वप्न आणि दुसऱ्या कागदात त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी हमी, दोन्ही एकाच खात्याचे. तुम्ही १ जीबीपीएस लिहाल, पाच वर्षांत लोक हसतील, आणि देणारा मात्र सुटेल.

आता आपल्या बडोद्याचीच एक गोष्ट. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम रूळ पडले, अडीच फुटी. गाडी बैल ओढायचे. पुढच्याच वर्षी इंजिन आणलं, तर रूळ इतके हलके की त्याचा भार पेलेना. परत बैल जुंपले. जड रूळ टाकून गाडी पुन्हा सुरू झाली १८७३ मध्ये, आणि इंजिन रीतसर धावू लागलं ते १८८० च्या सुमारास. रूळ बदलेपर्यंतची दहा वर्षं गेली ती एकाच कारणाने: रूळ टाकणाऱ्याच्या डोळ्यासमोर बैल होता. आता डभोईहून केवडियाला जायला मोठी लाइन आहे, जानेवारी २०२१ पासून, पण त्यासाठी सगळं उखडून नव्याने करावं लागलं.

याच्या उलट उदाहरणही इथलंच. सयाजीराव महाराजांनी आजव्याच्या तलावाचं पाणी शहरात आणलं १८९२ मध्ये. तेव्हा बडोदं लाख-सव्वा लाखाचं. योजना केली तीन लाखांसाठी. (त्याच आजव्याचं पाणी पावसाळ्यात आपल्याला बुडवतं, तो भाग वेगळा, आणि त्याचं खापर १८९२ वर फोडता येत नाही.)

आमच्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारांच्या जोड्या आम्ही बोलण्यासाठी टाकल्या होत्या. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं तेव्हा त्याच जोडीवर मोडेमची शिट्टी वाजू लागली. पुढे त्याच जोडीवरून ब्रॉडबँड गेलं. टाकणाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं. फायबरचं तर त्याहून सोपं आहे. आज जी तार अडीच जीबीपीएसचं मशीन वापरते, तीच तार टोकांची मशीनं बदलली की १० जीबीपीएसला चालते. जुनं-नवं एकाच तारेवर शेजारी शेजारी राहतं, प्रकाशाचा रंग फक्त वेगळा. म्हणून मशीनबद्दल धोरण लिहू नका. जमिनीतल्या वाटेबद्दल लिहा.

---

हिशोबाची_वही
सोमवार, दुपारी २.३०

काका, बैलांची गोष्ट मी पानात घालणार आहे, विचारत नाही, सांगते आहे.

जॉइंट भाऊ, बॅटरी जमिनीवर ठेवतात कारण ती जड असते, हे वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले. माझे चौदा दुकानदार, अकरा तारीख, बहिणीच्या घरचे ते दिवस, सगळ्याचं मूळ एका माणसाला पंचवीस किलो वर चढवायचं नव्हतं यात?

---

जॉइंट_बॉक्स
सोमवार, दुपारी २.४१

पंचवीस नाही ताई, जास्त. पण हो.

---

बडोदा_ते_बाणेर
सोमवार, रात्री ९.१५

मी मूळचा निजामपुऱ्याचा, आता पुण्यात नेटवर्क इंजिनिअर. सुट्टीत येतो तेव्हा सेव-उसळ आधी, घर नंतर.

ओटल्यावरच्या भाऊंचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. लोक तारेकडे बघणार नाहीत, हे खरं. पण टॉवरला डेटा कशाने येतो? बहुतेक चांगल्या टॉवरला फायबरनेच. ५जी जितकं दाट होईल तितके छोटे छोटे सेल, म्हणजे छोटे टॉवर, लागतील, खांबाखांबावर, आणि प्रत्येकाच्या बुडाशी तार लागेल. सॅटेलाइटची एक बीम मोठ्या परिसरात वाटली जाते, म्हणून छोटा उदेपूरच्या डोंगरातल्या पाड्याला ते वरदान आहे आणि कारेलीबागेतल्या हजारो फ्लॅटना नाही. तर पाइप हवीच.

पण माझी तक्रार काकांशी आहे. जमिनीतली वाट एवढंच धोरण नाही. वही ताई, तुमच्या सोसायटीत कॅमेरे आहेत का? फोनवर बाहेरून दिसतात का?

---

हिशोबाची_वही
सोमवार, रात्री ९.३२

आहेत. आठ. कंपनीच्या ॲपमधून दिसतात, पण रेकॉर्डिंगच्या बॉक्सला थेट जोडायचं म्हटलं तर कॅमेरेवाल्याने सांगितलं, स्टॅटिक आयपी घ्या, महिन्याचे वेगळे पैसे. मी विचारलं ते काय असतं. म्हणाला, बेन, असतं.

---

बडोदा_ते_बाणेर
सोमवार, रात्री १०.२०

तेच. आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, इंटरनेटवर एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. जगाची मध्यवर्ती पेटी फेब्रुवारी २०११ मध्येच रिकामी झाली, आपल्या आशिया-पॅसिफिकमध्ये त्याच एप्रिलपासून रेशनिंग. मग कंपन्या काय करतात, एका पत्त्यामागे शेकडो घरं बसवतात. गल्लीच्या तोंडाला एकच टपालपेटी असावी तसं. तुम्ही बाहेर पत्र टाकू शकता, उत्तरही येतं. पण बाहेरून कुणी आपणहून तुमचं दार शोधत आलं तर त्याला दार सापडत नाही. तुमचा कॅमेरा तिथे अडकतो, म्हणून मग तो परक्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून तुमच्याच फोनवर येतो. ती कंपनी उद्या बंद पडली तर आठ कॅमेरे भिंतीवरचे फणस.

आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची टंचाईच नाही. दूरसंचार खात्याचा पहिला आराखडा जुलै २०१० चा आहे. मोबाइलवर आपण जगात वरच्या ओळीत आहोत, २०१६ नंतरच्या ४जी जाळ्यांमुळे. मागे राहिलेत ते घरचे जुने राउटर, ऑफिसं, आणि सरकारी खरेदी. महापालिका पुढच्या वीस वर्षांत काय काय विकत घेईल? कॅमेरे, पाण्याचे मीटर, पुराची पातळी मोजणारे सेन्सर, सिग्नल. त्या प्रत्येक टेंडरमध्ये एक ओळ टाका, उपकरण आयपीव्ही६ वर चालायला हवं आणि एकाच कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेलं नको. कायदा लागत नाही, परवानगी लागत नाही. जो माल घेतो तोच बाजार वळवतो. हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही दुकानदारांचे हिशोब बघता.

---

सनद
मंगळवार, सकाळी ८.१०

वकील आहे, खालच्या कोर्टात. ताई, पान लिहिण्याआधी एक रेघ मारा: कोणती गोष्ट कुणाच्या हातात आहे. दूरसंचार हा केंद्राचा विषय. वेग, दर, स्पेक्ट्रम, सॅटेलाइटची परवानगी, यातलं काहीही वॉर्डाकडे मागू नका, ते हात वर करतील आणि ते बरोबरच असेल. शहराच्या हातात तीन गोष्टी: रस्ता, बांधकामाची परवानगी, आणि स्वतःची खरेदी. बाणेरवाल्यांनी तिसरी धरली, जॉइंट भाऊंनी पहिली.

रस्त्याचं कायद्यातलं सांगते. तार टाकण्याच्या हक्काचे पहिले केंद्रीय नियम नोव्हेंबर २०१६ चे. त्यात जमिनीखालच्या तारेसाठी परवानगीचा प्रशासकीय खर्च किलोमीटरला १,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नव्हता, आणि ६० दिवसांत उत्तर न दिल्यास परवानगी मिळाली असं धरलं जायचं. मग दूरसंचार कायदा २०२३, आणि त्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू. नव्या कायद्यात सामाईक डक्टची सोय आहे: मोठ्या प्रकल्पात अशा नळ्या घालून त्या सगळ्या कंपन्यांना खुल्या ठेवाव्यात, असं केंद्र सांगू शकतं. तुमचा आतला रस्ता केंद्राचा प्रकल्प नाही, पण तत्त्व तयार आहे, त्याचा आधार घ्या. शब्द महत्त्वाचे आहेत: "सर्वांना, समान अटींवर, जाहीर दरात." हे तीन शब्द नसले तर रिकामी नळी पहिला येईल त्याची मालमत्ता होते.

खोदण्याआधी कळवण्याचं ॲपही आहे, मार्च २०२३ पासून. खोदणारा जागा टाकतो, खाली ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना सूचना जाते.

आता एक कडू गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्येच, म्हणजे तुमच्याकडे पाणी शिरलं त्याच महिन्यात, ट्रायने, म्हणजे दूरसंचाराच्या नियामकाने, सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. जिल्हाभर सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर बिलात सूट किंवा मुदतवाढ द्यावी, असं त्यात आहे. पण नैसर्गिक आपत्तीमुळे बंद पडलं तर ती सूट लागू नाही.

आणि एक विषय कुणी काढला नाही तो मी काढते. ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत मोबाइल इंटरनेट आठवडाभर बंद होतं, आठवतं? ते १४४ कलमाखाली. हायकोर्टाने ते योग्य ठरवलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. स्वतंत्र नियम आले २०१७ मध्ये. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या, जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे आणि बेमुदत बंदी चालणार नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा आली. भविष्यातल्या नेटवर्कचं धोरण लिहिताना हे वगळणं म्हणजे घर बांधून कुलपाबद्दल न बोलणं.

---

हिशोबाची_वही
मंगळवार, दुपारी ४.००

वकील ताई, पूर आला तर मोजायचंच नाही? आमच्याकडे इंटरनेट बंद पडतं तेच मुळी पुरात! सूट नको, माझे पाचशे रुपये राहू देत. पण किती तास बंद होतं, कुठे, का, हे कुणाच्याही वहीत नाही? ज्याची नोंद नाही तो खर्च झालाच नाही, असं माझ्या धंद्यात तरी कुणी म्हणू शकत नाही. बॅटरी जमिनीवर ठेवणाऱ्याला पुढच्या वेळी ती वर ठेवायचं कारण काय मग?

---

एक्स्चेंजवाले_काका
मंगळवार, संध्याकाळी ६.२०

आमच्या वेळी एक्स्चेंजमध्ये फॉल्टचं रजिस्टर असे. वेळ, कारण, दुरुस्ती, सही. साहेब रोज सकाळी बघायचे, आणि शिव्या त्या रजिस्टरवरून मिळायच्या, तोंडी तक्रारीवरून नव्हे. आता सगळं संगणकात असेल, पण ते आतच राहतं. तुम्ही ते चावडीवर मागताय. मागा. माझा आणखी एक मुद्दा: मोठ्या वादळात एका कंपनीचा टॉवर पडला तर दुसरीचं नेटवर्क वापरू द्यायचं, अशी सोय आहे. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी आपल्याच किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत तशी मुभा दिली होती. ती नदीच्या पुरासाठीही आपोआप लागू व्हावी.

---

ओटल्यावरचा
मंगळवार, रात्री ८.४५

मी माघार घेतो, अर्धी. पण नळ्यांची देखभाल कोण करणार ते कुणीच सांगितलं नाही. पैसे?

---

सनद
मंगळवार, रात्री ९.३०

हा प्रश्न खरा आहे, आणि माझ्याकडे सरळ उत्तर नाही. नळी वापरणाऱ्यांकडून वार्षिक भाडं घेऊन ते त्याच नळ्यांवर खर्च करायचं, हे म्हणायला सोपं. पण भाडं सुरू झालं की ते शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत जातं आणि दर वर्षी वाढतं, मग कंपन्या पुन्हा विजेच्या खांबांवरून तारा ओढतात. भाडं इतकं कमी हवं की खांबावर चढण्यापेक्षा खाली उतरणं स्वस्त पडेल. आकडा मी देत नाही.

---

हिशोबाची_वही
बुधवार, रात्री ११.५०

पान झालं. दीड झालं होतं, कापून एक केलं. कॉर्पोरेटरांच्या ऑफिसात गुजरातीतच द्यायचंय, ते शेजारच्या मास्तरांकडून तपासून घेईन. मूळ मराठी इथे टाकते, चुका काढा.

"सुरुवात डभोईच्या बैलांपासून केली आहे, कारण ती इथे सगळ्यांना कळते. रस्त्याचं काँक्रीट होण्याआधी दोन्ही बाजूंनी चार-चार रिकाम्या नळ्या टाकाव्यात, तोंडाला बूच, चेंबरला कुलूप, आणि त्या शहराच्या मालकीच्या राहाव्यात. कोणत्याही कंपनीला समान अटींवर, जाहीर दरात वापरू द्याव्यात. मिळालेलं भाडं त्याच नळ्यांवर खर्च व्हावं आणि त्याचा जमाखर्च वर्षातून एकदा वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लागावा. जमिनीखाली काय कुठे आहे याचा नकाशा काँक्रीट ओतण्याआधी मोजून काढावा, नंतर आठवून नव्हे.

"नवीन इमारतीला परवानगी देताना तारेसाठी जिन्यात वेगळी नळी आणि मशीनसाठी पुराच्या खुणेच्या वर एक कोनाडा मागावा. २०२४ ची खूण आमच्या मीटर रूमच्या भिंतीवर अजून आहे, हवी तर येऊन मोजा. त्या खुणेखाली नेटवर्कचं मशीन किंवा बॅटरी ठेवू नये. शहर जी जी उपकरणं विकत घेईल ती नव्या पत्त्यांवर, म्हणजे आयपीव्ही६ वर चालणारी असावीत आणि एका कंपनीच्या दावणीला बांधलेली नसावीत.

"पूर, वादळ, काहीही असो, कोणत्या भागात नेट किती तास बंद होतं आणि कशामुळे, याची यादी शहराने कंपन्यांकडून मागून महिन्याभरात प्रसिद्ध करावी. नुकसानभरपाई मागत नाही. यादी मागतो आहोत."

बंदीच्या आदेशाबद्दल, वकील ताई, मी नाही लिहिलं. ते शहराच्या हातात नाही, तुम्हीच रेघ मारायला सांगितलीत. पण एक ओळ घातली आहे: नेट कोणत्याही कारणाने नसेल तेव्हा घरपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले आणि पाण्याची तक्रार यासाठी वॉर्ड ऑफिसात कागदावर चालणारी एक खिडकी कायम असावी. एवढं तर त्यांच्या हातात आहे ना?

काका, टॉवरचं राहिलं. जागा संपली. तुम्ही वेगळं पत्र लिहा, मी सोसायटीचा शिक्का देते.

---

सनद
गुरुवार, सकाळी ७.०५

खिडकीची ओळ माझ्या परिच्छेदापेक्षा चांगली आहे. "मागून" च्या जागी "लेखी मागून" करा.

---

जॉइंट_बॉक्स
गुरुवार, सकाळी ७.१८

ताई, पान द्याल तेव्हा द्या. पण तुमच्या मागच्या गल्लीत कालपासून खडी पडली आहे, मी आता तिथूनच आलो. मिक्सर शनिवारी येतोय म्हणतात. तिथे नळी टाकलेली नाही. ठेकेदाराला मी बोललो तर म्हणाला, ड्रॉइंगमध्ये नाही. तुम्ही सेक्रेटरी, तुमचं ऐकेल. आज ऑफिस उघडल्याबरोबर जा, आणि मोजायची टेप घेऊन या, मी दहाला गल्लीच्या तोंडाशी आहे.

---

हिशोबाची_वही
गुरुवार, सकाळी ७.२१

टेप आहे. निघाले.